‘आफत’ कुर्ल्याची होती. आपली कुठं आहे?

जानेवारी २०१४मध्ये यूट्यूबवर ‘आफत!’ नावाचं एक गाणं आलं. गाणारा नावेद शेख, कुर्ला पश्चिमचा, जेमतेम विशीतला. ‘नेझी’ हे नाव त्याने स्वतःच घेतलेलं. वडील परदेशात नोकरीला. त्यांनी दिलेला आयपॅड हाच त्याचा स्टुडिओ. बीट इंटरनेटवरून उतरवली, आवाज आयपॅडवर रेकॉर्ड केला, गल्लीतला व्हिडिओही त्याच आयपॅडवर शूट केला आणि अपलोड करून टाकला. ना कंपनी, ना जाहिरात.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. दिशा रिंदानी यांनी त्याच्यावर ‘बॉम्बे ७०’ हा लघुपट केला. त्या नावातला सत्तर हा आकडा कुर्ला पश्चिमच्या पिनकोडचा. झोया अख्तर यांनी ‘आफत!’ पाहिलं, नेझीला गाठलं, आणि नेझी व डिव्हाइन यांच्या आयुष्यावरून सुचलेला ‘गली बॉय’ फेब्रुवारी २०१९मध्ये पडद्यावर आला. सिनेमातला मुराद धारावीत राहतो. त्यामुळे आज कित्येकांना धारावी आठवते आणि कुर्ला आठवत नाही. असो, सिनेमाचं असंच असतं.

मी हे भिवापुरात बसून लिहितोय. नागपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, मिरचीसाठी प्रसिद्ध. इथल्या पोरांच्या फोनमध्येही नेझी आहे, डिव्हाइन आहे, एमसी स्टॅन तर आहेच. दोन-चार पोरं स्वतः लिहितातही. पण ती लिहायला लागली की एक गंमत होते. चौकात ‘काहून बे’ म्हणणारं पोरगं माइकसमोर आलं की ‘अपुन’ आणि ‘भिडू’ बोलायला लागतं. ज्या पोराने मुंबईची लोकल कधी पाहिली नाही, त्याच्या गाण्यात लोकल येते. जी नॅरोगेज उमरेड-भिवापूरवरून नागभीडला जायची आणि २०१९मध्ये बंद झाली, ती येत नाही.

आपण ‘आफत!’पासून नेमकं काय घेतलं, हा माझा प्रश्न आहे. ‘घरी बसून गाणं करता येतं’ हे घेतलं, चांगलं झालं. ‘एक दिवस कुणीतरी डायरेक्टर फोन करेल’ हेही घेतलं, ते तितकंसं चांगलं नाही झालं. पण त्या गाण्याचा खरा जोर भाषेत होता, आणि तेवढीच गोष्ट आपण सोडून दिली. तोवर हिंदी रॅप म्हटलं की पंजाबी बाज, गाड्या, पार्ट्या. नेझीने कुर्ल्याच्या गल्लीत जी हिंदी-उर्दू बोलली जाते तीच, त्याच वेगाने, त्याच गुर्मीत माइकवर आणली. ती ‘शुद्ध’ करण्याच्या भानगडीत तो पडला नाही.

आणखी एक. त्या गाण्यात तो स्वतःलाच आफत म्हणवून घेतो. ‘मी मुस्लिम आहे, पण चांगला आहे’ असं प्रमाणपत्र तो कुणाला दाखवत बसत नाही. आपल्यापैकी किती जणांना हे जमतं? आपलं अर्धं बोलणं खुलाशात जातं. नेझीने खुलासा केला नाही, थेट गाणं केलं. तरीही त्याचा मोहल्ला त्यात दिसला, आणि मला वाटतं, म्हणूनच तो इतका स्पष्ट दिसला.

आता आपल्या भाषेकडे येऊ. विदर्भातल्या बऱ्याच मुस्लिम घरांत घरी एक बोली, शाळेत दुसरी, बाजारात तिसरी. कुठे घरातही मराठीच. ही सरमिसळ म्हणजे काही कमीपणा नाही, रॅपरसाठी तर ती तिजोरी आहे. पुण्याच्या एमसी स्टॅनचं उदाहरण घ्या. २०२३मध्ये त्याने ‘बिग बॉस’ जिंकलं आणि देशभरची पोरं ‘शेमडी’ म्हणायला लागली. हा आपल्या मराठीतला ‘शेंबडी’ शब्द! दिल्ली-लखनऊची पोरं नकळत मराठी बोलून गेली, आणि ते बोलायला लावलं पुण्यातल्या वस्तीतल्या एका मुस्लिम पोराने. याबद्दल मराठीच्या कुठल्या मंडळाने त्याचं अभिनंदन केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

मराठी रॅप नाही असं मात्र कुणी म्हणू नये. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर नावातल्या ‘सौ’च्या जागी शंभरचा आकडा लिहितो आणि मराठीतही ठोकून रॅप करतो. महादेव कोळी समाजातली मधुरा घाणे, म्हणजे ‘माही जी’, आदिवासींच्या जंगलाबद्दल मराठीत बोलते. ज्या समाजांना मराठी साहित्याच्या दिवाणखान्यात खुर्ची मिळत नव्हती, त्यांनी बाहेर अंगणात माइक लावलाय. त्या अंगणात आपण कमी आहोत. गोवंडीची हिजाब घालून रॅप करणारी सानिया एमक्यू घ्या किंवा नेझी, आपल्यातली गाजलेली नावं हिंदीत गातात. त्यांची गल्ली हिंदीची आहे, त्यांनी ते करावंच. पण भिवापूर, पवनी, वरोरा, बार्शी, श्रीगोंदा इथल्या गल्ल्यांची भाषा ती नाही.

बार्शी आणि श्रीगोंदा ही नावं मुद्दाम घेतली. श्रीगोंद्याचे शेख महंमद सतराव्या शतकात मराठीत लिहीत होते. पेशवाईच्या अखेरीस फड गाजवणारे शाहीर सगनभाऊ मुसलमान, धंद्याने शिकलगार. आणि बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, म्हणजे शाहीर अमर शेख. गिरणी कामगारांच्या लढ्यातून आलेला हा माणूस अण्णा भाऊ साठे आणि गवाणकरांसोबत लाल बावटा कलापथकात उभा राहिला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदानंच्या मैदानं त्याच्या आवाजाने भरली. डफ घेऊन, तालावर, श्रोत्यांच्या डोळ्यात डोळे घालून आजच्या प्रश्नावर बोलणं: याला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९७३नंतर वेगळं नाव मिळालं, आपल्याकडे ते शाहिरी म्हणून आधीपासून होतं. तेव्हा ‘तुम्ही मराठी किती छान बोलता हो’ असं कुणी कौतुकाने म्हटलं, तर हसून अमर शेख यांचं नाव सांगा. बहुतेक वेळा समोरच्याला ते माहीत असतं, फक्त ते मेहबूब पटेल होते हे माहीत नसतं.

‘मराठीत यमक जुळत नाही, मराठी फ्लोमध्ये बसत नाही’ ही तक्रार मी ऐकलीय. मला ती आळसाची वाटते. उलट धोका आहे तो यमक फार सहज जुळण्याचा. क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, ‘गेला-आला-झाला’ करत सोळा ओळी निघतात आणि ऐकणारा चौथ्या ओळीला झोपतो. इथे आपली वऱ्हाडी-नागपुरी मदतीला येते. मले, तुले, कायले, काहून. तुटक, आखूड, टणक शब्द. ‘करून राहिला’, ‘होऊन राहिलं’ यांना स्वतःची चाल आहे. बीटवर एकदा टाकून पाहा.

दोन अडचणी खऱ्या आहेत. पहिली घरची: गाणंबजावणं दीनमध्ये बसतं का? नेझीही मधे काही काळ गाण्यापासून दूर राहिला आणि मग परतला. हा ज्याने त्याने आपल्या मनाशी आणि घरच्यांशी बसून सोडवायचा प्रश्न आहे. मी त्यावर फतवा देणारा कोण? एवढंच म्हणेन की अब्बूंना आधी लिहिलेलं वाचून दाखवा. शिव्या काढल्यावर काय उरतं ते तुम्हालाही कळेल.

दुसरी अडचण बाहेरची आहे, आणि जास्त जड. २०२३मध्ये राज मुंगसे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपर्सवर राजकीय गाण्यांमुळे गुन्हे दाखल झाले. दोघेही मुस्लिम नव्हते. मग आपल्या नावाच्या पोराने तेच गाणं केलं असतं तर? ही भीती खोटी नाही आणि ती बाळगणाऱ्याला मी भित्रा म्हणणार नाही. संविधानाच्या कलम १९ने दिलेलं बोलण्याचं स्वातंत्र्य नेझीइतकंच भिवापूरच्या पोराचंही आहे, पण पोलीस ठाण्यात त्याच्याबरोबर कोण जाणार? ओळखीचा वकील कोण? गाण्याआधी हे ठरवून ठेवायला हरकत नाही, आणि इथे आपल्यासारख्या संघटनांनी पुढे यायला हवं. पोरांना नुसतं ‘लिहा’ म्हणून सांगणं सोपं आहे.

विषय तर दाराशी पडलेत. मिरची सातऱ्यावर जाऊन बघा. बाया दिवसभर खाली बसून देठ तोडतात, हाताची आग रात्री झोपू देत नाही, लेकराला जवळ घ्यायचं तरी आधी हात धुवा, पुन्हा धुवा. त्यांच्यात तुमची खालाही आहे आणि शेजारची काकूही. आपल्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या हातांचं नाव मात्र कुठल्या पाकिटावर नाही. यावरच्या सोळा ओळी मला ऐकायच्या आहेत, आणि त्या मुंबईच्या हिंदीत नकोत.