जुन्या मोटारीचा पंखा आणि नागपूरचा उन्हाळा

जुन्या मोटारी सांभाळणाऱ्या नागपुरी मंडळींत उन्हाळा तोंडावर आला की एक वाद हटकून डोके वर काढतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा मूळचा पंखा उतरवून रेडिएटरला विजेचा पंखा बसवावा की नाही, हा तो वाद. एका पक्षाच्या मते असा पंखा बसवणे म्हणजे गाडीच्या मूळ रूपाशी केलेला द्रोह होय. दुसऱ्या पक्षाला हा प्रश्न पडतच नाही, कारण मिस्त्रीने सुचवले आणि दुपारपर्यंत काम उरकले की त्यांचा विषय संपतो. मला दोन्ही भूमिका मान्य नाहीत. नागपुरात प्रत्यक्ष रस्त्यावर चालवायच्या जुन्या गाडीला विजेचा पंखा बसवणे सर्वथा समर्थनीय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र रेडिएटरच्या दुखण्यावर पांघरूण घालण्यासाठी तो बसवू नये, मूळचा पंखा मोडीत जाऊ देऊ नये, आणि अशा फेरफाराला सरकारी नियमांत निःसंदिग्ध शब्दांत मुभा असावी, एवढ्या अटी मी त्याला जोडीन.

आपल्याकडच्या बहुसंख्य जुन्या गाड्यांचे कुळ थंड प्रदेशातले आहे. उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ पर्यंत तयार होणारी ॲम्बेसेडर ही इंग्लंडमधल्या मॉरिस ऑक्सफर्डची वंशज. मुंबईत कुर्ल्याला, वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या प्रीमियरच्या कारखान्यात जन्मलेली पद्मिनी ही इटलीतल्या तुरीन शहराच्या फियाट ११०० ची. या गाड्यांच्या मूळ आराखड्यात रेडिएटरचा आकार, पंख्याची पाती आणि पाण्याची मात्रा ठरली, ती ज्या हवामानात, त्याचा आणि आपल्या वैशाखवणव्याचा काही संबंध नव्हता. हिशेब अगदी सोपा आहे. रेडिएटर उष्णता टाकतो ती आतले पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात. पाणी ९० अंशांवर आणि हवा २० अंशांवर असेल, तर हा फरक ७० अंशांचा होतो; हवा ४५ अंशांवर गेली की तोच फरक ४५ वर येतो, म्हणजे त्याच रेडिएटरची, त्याच वाऱ्यात, उष्णता टाकण्याची शक्ती एक-तृतीयांशाहून अधिक घटते. नागपूरच्या वेधशाळेने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद केली होती. आणि वेधशाळेचा तापमापक सावलीत, जमिनीपासून उंचावर टांगलेला असतो, तर गाडीचा रेडिएटर तापलेल्या डांबराला लागून, पुढच्या बसच्या धुराड्यासमोर उभा असतो, हेही विसरता कामा नये.

आता पंख्याचा प्रश्न. जुन्या पद्धतीचा पंखा पाण्याच्या पंपाच्या कप्पीवर चार बोल्टांनी बसवलेला असतो आणि फॅन बेल्टच्या योगे इंजिनाच्या वेगाबरोबर फिरतो. या रचनेत साधेपणाचा मोठा गुण आहे आणि त्याच साधेपणात तिचा दोषही आहे. गाडी वर्धा रोडने ताशी साठच्या वेगाने निघाली असताना समोरून येणारा वाराच रेडिएटरला पुरेसा असतो, पण त्या वेळी पंखा आपला गरगर फिरत इंजिनाची शक्ती खात राहतो. पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी शक्ती आठपट होते, हा यंत्रशास्त्रातला प्रसिद्ध नियम आहे. उलट व्हरायटी चौकात दिवा लाल झाला, गाडी थांबली, समोरचा वारा बंद पडला, म्हणजे ज्या क्षणी पंख्याची खरी निकड भासते, नेमक्या त्याच क्षणी इंजिन मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांवर उतरते आणि पंखाही तितकाच मंदावतो. चिखलदऱ्याचा घाट चढताना मात्र हाच पंखा उत्तम कामगिरी बजावतो, कारण तेथे गाडी हळू चालत असली तरी खालच्या गिअरमध्ये इंजिन वेगाने फिरत असते. आणि म्हणूनच घाटात कधी न उकळलेली गाडी सीताबर्डीच्या गर्दीत उकळली की मालक बुचकळ्यात पडतो. साठ वर्षांपूर्वीच्या रस्त्यांवर गाडी एक तर चालत असे किंवा बंद करून उभी केलेली असे; चालू इंजिनाने ताटकळत उभे राहणे हा आजच्या शहरांचा प्रकार आहे, आणि मूळच्या आराखड्यात त्याची तरतूद नाही.

विजेचा पंखा हे कोडे सोडवतो, कारण त्याचा वेग इंजिनावर अवलंबून नसतो. मारुती ८०० ने १९८३ च्या अखेरीस हा पंखा सामान्य भारतीय मालकाच्या परिचयाचा केला. त्या गाडीचे इंजिन आडवे बसवलेले असल्यामुळे त्याच्या पट्ट्यावरचा पंखा समोरच्या रेडिएटरकडे तोंड करून बसवणे सोयीचे नव्हते. तेव्हापासून असे पंखे आणि त्यांचे सुटे भाग बाजारात मुबलक आहेत, आणि पद्मिनीच्या रेडिएटरला ते जुळवणे कुशल कारागिराला अवघड नाही. अवघड आहे ते नीट जुळवणे. नागपूरकराला हे समजावण्यासाठी घरच्या कूलरचे उदाहरण पुरे आहे. खसाच्या ताट्या कितीही ओल्या असल्या, तरी पत्र्याच्या पेटीला कोठे फट राहिली की पंखा ताटीतून हवा ओढण्याऐवजी त्या फटीतूनच ओढतो आणि खोलीत कोरडा झोत येतो. रेडिएटरच्या मागे पंखा नुसता टांगला आणि त्याच्याभोवती जाळीची सर्व रुंदी झाकणारे पत्र्याचे आवरण बसवले नाही, तर तेच घडते. पंख्याच्या वर्तुळासमोरचा भाग थंड होतो आणि चारही कोपरे तापलेलेच राहतात. प्लॅस्टिकच्या पट्ट्या रेडिएटरच्या जाळीतून आरपार ओवून पंखा बांधण्याची जी पद्धत सर्रास दिसते, ती तर निखालस घातक आहे, कारण पंख्याच्या कंपनाने त्या पट्ट्या पितळेच्या पातळ नळ्यांना घासत राहतात आणि काही महिन्यांत नळी झिरपू लागते. पंखा लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीवर, रेडिएटरच्या बाजूच्या कण्यांना बोल्टाने कसलेला असावा, आणि शक्यतो रेडिएटरच्या मागे, हवा ओढून घेणारा असावा.

परंतु पंख्याची गोष्ट काढण्यापूर्वी रेडिएटर उतरवून रेडिएटरवाल्याकडे न्यावा, असा माझा आग्रह आहे, आणि या आग्रहात मी तसूभरही माघार घेणार नाही. वरची टाकी डाग काढून उघडली की जे दृश्य दिसते ते प्रत्येक मालकाने एकदा तरी स्वतः पाहावे. चपट्या नळ्यांची तोंडे तपकिरी-पांढऱ्या खरपुडीने अर्धीअधिक मिटलेली असतात; कारागीर लोखंडाची लवचीक चपटी सळई एकेका नळीत घालतो, ती मध्येच अडते, तो हलक्या हाताने पुढे-मागे करतो, आणि खालून गंजाचा लालसर चिखल ओघळतो. काही नळ्यांत सळई जातच नाही. वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी ओतत राहिल्याचा हा परिणाम असतो. अशा रेडिएटरसमोर कितीही जोराचा पंखा लावला तरी ज्या नळीतून पाणीच वाहत नाही, तिला वारा घालून काय होणार? तीच गोष्ट झाकणाची. झाकण पाण्यावर दाब ठेवते, आणि दर चौरस इंचाला ७ पौंडांचा दाब असला तर पाणी सुमारे ११० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर कडक होऊन गेले असेल तर, आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच असल्यामुळे, ते ९९ अंशांनाच उकळ्या मारू लागते. थोड्या पैशांचे झाकण बदलल्याने बरी होणारी गाडी पंख्याच्या खर्चात पाडणे हा मालकावरही अन्याय आहे. आणि थर्मोस्टॅट काढून फेकून देण्याची जी खोड आपल्या मिस्त्रीवर्गाला जडली आहे, ती तर विजेच्या पंख्याबरोबर मुळीच चालत नाही, कारण थर्मोस्टॅट नसेल तर हिवाळ्यात इंजिन योग्य तापमानाला पोचत नाही, पेट्रोल जास्त जळते आणि सिलिंडर लवकर झिजतात.

दुसरा आग्रह विजेविषयीचा. पंख्याची मोटार चालताना साधारण दहा अँपिअर प्रवाह घेते, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. जुन्या गाड्यांत डायनामो असतो. त्याचे उत्पादन भर वेगात वीस-बावीस अँपिअर असले, तरी इंजिन मंद फिरत असताना ते जवळजवळ शून्यावर येते, आणि त्या वेळी समोरच्या फळीवर लाल दिवा मंद पेटतो तो त्याचीच साक्ष देतो. म्हणजे चौकात उभ्या असलेल्या गाडीचा पंखा सर्वस्वी बॅटरीवर चालणार, रात्र असेल तर पुढचे दिवेही तिच्यावरच, आणि अशा चार-सहा चौकांनंतर गाडी थंड राहील पण पुन्हा सुरू होणार नाही. तेव्हा डायनामो असलेल्या गाडीत अल्टरनेटर बसवल्यावाचून विजेचा पंखा बसवू नये. ज्या ब्रिटिश घाटणीच्या गाड्यांत बॅटरीची धन बाजू सांगाड्याला जोडलेली असते, तेथे तारा उलट लागल्या की पंखा उलटा फिरतो आणि हवा ओढण्याऐवजी समोरून येणाऱ्या वाऱ्याला विरोध करतो. अल्टरनेटर बसवताना ही बाजू बदलावीच लागते, आणि हे काम जाणत्या वायरमनने करावे. पंख्याला स्वतंत्र फ्यूज आणि रिले हवाच. ती तार हेडलाइटच्या किंवा हॉर्नच्या तारेला जोडून वेळ मारून नेणे म्हणजे डॅशबोर्डमागे आगीची तजवीज करणे होय. पंखा चालू-बंद करणारा उष्णतेचा स्विच रेडिएटरवर असावा; चालकाच्या आठवणीवर विसंबणारा नुसता खटका नको.

या पंख्याचा एक दोष मात्र मान्य केलाच पाहिजे. फॅन बेल्ट तुटला तर चार्जिंगचा दिवा पेटतो आणि चालकाला सूचना मिळते. विजेच्या पंख्याचा फ्यूज उडाला तर कोणतीही सूचना मिळत नाही, आणि तापमानाच्या काट्याकडे लक्ष नसेल तर हेड गॅस्केट उडाल्यावरच बातमी कळते. म्हणून ज्याच्या गाडीचा काटा बंद पडलेला आहे, त्याने आधी काटा दुरुस्त करावा. पेट्रोलच्या पंपावर ओले फडके गुंडाळण्याची वेळ येते तो विकारही निराळा, नळीतल्या पेट्रोलची वाफ झाल्याचा आहे. त्यावर नळी गरम मॅनिफोल्डपासून दूर नेणे हाच उपाय, आणि नव्या पंख्याकडून त्याची अपेक्षा करू नये.

राहता राहिला मूळ रूपाचा प्रश्न, आणि तो मी हलका मानीत नाही. मोटार हा एका काळाच्या कारागिरीचा दस्तऐवज आहे, आणि त्यात खाडाखोड करण्याचा अधिकार मालकालाही निरंकुश नसावा. पण जगभरच्या ऐतिहासिक वाहनांच्या संघटनेने २०१३ मध्ये ज्या तुरीन सनदेचा पुरस्कार केला, तिचा आशयही असाच आहे की वाहन वापरात राहणे हे त्याच्या जतनाचेच अंग आहे, वापरासाठी अपरिहार्य असा फेरफार बेताचा व परत उलटवता येईल असा असावा, आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत. विजेचा पंखा ही कसोटी पूर्ण करतो. सांगाड्याला एकही नवे भोक न पाडता तो बसवता येतो, चार बोल्ट काढून मूळचा पंखा उतरवता येतो, आणि तेच चार बोल्ट कसून अर्ध्या दिवसात परत चढवता येतो. याउलट जो मालक मूळ रूपाच्या निष्ठेपायी गाडी वर्षाचे आठ महिने ताडपत्रीखाली ठेवतो, त्याच्या गाडीचे रबर कडक होते, ब्रेकचे सिलिंडर जाम होतात, पेट्रोलच्या टाकीत गंज चढतो, आणि मूळ म्हणून जे राखायचे होते तेच आधी नष्ट होते.

हे सारे सांगण्याचे तातडीचे कारण कायद्यात आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून, प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या खाजगी दुचाकी-चारचाकींना ‘विंटेज’ वाहनांचा दर्जा दिला, त्यांच्यासाठी ‘व्हीए’ अक्षरांची नोंदणीमालिका ठरवली, आणि नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये व मुदत दहा वर्षांची ठेवली. हा निर्णय स्वागतार्ह होता, आणि तो घेणारे मंत्री याच शहराचे खासदार असल्यामुळे नागपूरकरांना त्याचे विशेष समाधान वाटले. पण त्या नियमात अशी अट आहे की वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत फेरफार करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी. अट योग्यच आहे. परंतु पंप-कप्पीवरचा पंखा आणि डायनामो हे इंजिनाचे भाग धरायचे की उपांगे, याचा खुलासा तीत नाही, आणि जेथे खुलासा नसतो तेथे प्रत्येक परिवहन कार्यालयात निराळा अर्थ लागण्याची भीती असते. १९७० च्या दशकातल्या फियाट आणि ॲम्बेसेडर आता एकामागून एक पन्नाशी ओलांडीत आहेत. या गाड्या संस्थानिकांच्या नव्हेत. शिक्षकांच्या, डॉक्टरांच्या, वकिलांच्या घरांत कर्ज काढून आलेल्या आणि मुलाबाळांनी टिकवलेल्या आहेत. मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून धावणाऱ्या पद्मिनींचा काळ ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. खाजगी मालकांकडे उरल्या आहेत त्या टिकाव्यात, असे वाटत असेल तर त्यांना उन्हाळ्यात चालू ठेवणाऱ्या साधनाला नियमांत अडथळा नसावा.

म्हणून माझी मंत्रालयाला विनंती आहे की मजकूर नियमाला एक स्पष्टीकरण जोडावे : मूळ भाग मालकाच्या ताब्यात सुस्थितीत असतील आणि सांगाडा, बॉडी वा इंजिनाचा ठोकळा कापलेला किंवा भोसकलेला नसेल, तर विजेचा पंखा, अल्टरनेटर, सीटबेल्ट आणि दिशादर्शक दिवे बसवणे हा फेरफार समजला जाऊ नये, आणि तपासणीच्या वेळी अधिकाऱ्याने त्या मूळ भागांची नोंद दाखल्यावर करावी.