हॅटखालचा पारा

नववीच्या वर्गात मी ३० वर्षं इंग्रजी शिकवलं. 'मॅड ॲज अ हॅटर' (हॅटवाल्यासारखा वेडा) फळ्यावर लिहिलं की पोरं हसायची, मीही हसायचो. आता हसवत नाही. सशाच्या लवीचा नमदा करायला हॅटवाले पाऱ्याचं संयुग वापरत. वाफा नाकातोंडात जाऊन कारागिरांचे हात थरथरत, बोलणं अडखळे, माणूस चिडका, भित्रा होई. वाक्प्रचार यातूनच आला का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आजार मात्र खरा. हॅटवरूनच आलेल्या 'हॅटट्रिक'ची गोष्ट त्यापेक्षा गोड: १८५८ साली शेफिल्डला क्रिकेटपटू स्टीफन्सननं लागोपाठ तीन बळी घेतले, लोकांनी वर्गणी काढून त्याला हॅट दिली. शिक्षकांनो, 'हॅटर'चा अर्थ सांगताना तो पाराही सांगा.