शुश्रूषेचीही किंमत असते

आंब्याच्या झाडावरून किंवा बांधकामाच्या परांचीवरून पडून, अथवा दुचाकीच्या अपघातात मज्जारज्जूला गंभीर इजा झाली, की रुग्ण वाचला तरी अनेकदा कमरेखालचा भाग कायमचा लुळा होतो. शस्त्रक्रिया होते, टाके निघतात, डिस्चार्ज मिळतो. पुढची शुश्रूषा घरी सुरू होते आणि ती बहुधा आई, बायको किंवा मुलीच्या वाट्याला येते.

संवेदना गेलेल्या शरीरावर एकाच जागी दाब राहिला, तर रक्तपुरवठा थांबून जखम होते. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. लघवीची जाणीव नसते, म्हणून दर चार ते सहा तासांनी नळी घालून मूत्राशय रिकामे करायचे. शौचाची वेळ सांभाळायची, सांधे आखडू नयेत म्हणून पाय हलवायचे. यात खंड पडला, की बेडसोर आणि मूत्रमार्गाचा संसर्ग ठरलेला. असे रुग्ण खोल जखमा घेऊन आमच्याच वॉर्डात परततात आणि अनेक आठवडे राहतात. तो खर्च शेवटी सरकारच करते.

सांभाळणाऱ्या व्यक्तीची मजुरीही बुडते. अपघात एकाचा, पण घरातली दोन माणसांची कमाई जाते.

शेतकऱ्यांसाठीची गोपीनाथ मुंडे अपघात योजना दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख रुपये देते, पण एकदाच. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचे मासिक अनुदान २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये झाले. वाढ स्वागतार्ह आहे. मात्र ही रक्कम रुग्णाच्या गुजराणीची आहे. सांभाळणाऱ्याच्या श्रमांचा हिशेब तीत नाही.

कायद्यात तो आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २४ मध्ये, जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. असा आधार मागण्याची प्रक्रिया कलम ३८ सांगते. केरळ ‘आश्वासकिरणम’ योजनेतून काळजीवाहकाला दरमहा ६०० रुपये देते. रक्कम तुटपुंजी, पण तत्त्व मान्य झाले. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रस्ता अपघातात पूर्ण अपंगत्व आलेल्या मुलीसाठी दोन मदतनिसांचा खर्च म्हणून २१ लाख ६० हजार रुपये धरले. झाडावरून पडलेल्या माणसाला ना प्रतिवादी असतो, ना विमा कंपनी. शुश्रूषा मात्र तितकीच लागते.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात. डिस्चार्जपूर्वीच रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांनी दिव्यांग प्रमाणपत्राचा आणि कलम ३८ खालचा अर्ज भरून घ्यावा. नळ्या, हातमोजे व हवेची गादी प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळावी. आणि काळजीवाहक भत्ता थेट सांभाळणाऱ्याच्या खात्यात जमा व्हावा. रात्री दोन वाजता उठून कूस बदलणाऱ्या बाईचे काम हे उपचारच आहेत. सरकारने ते उपचार म्हणूनच मोजावेत.