मॉनिटर : वर्गातला आणि गाण्याच्या खोलीतला

दहावीचा निकाल लागला की, किंवा चवथीचा सण दोन महिन्यांवर आला की, एक प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. पूर्वी तो 'पेटी कोणती घ्यावी?' असा असे. आता तो 'सर, घरी गाणे ध्वनिमुद्रित करायचे आहे, स्पीकर कोणते घेऊ?' असा असतो. संगणक घरात आलेलाच असतो, एखाद्या मामाने परदेशातून मायक्रोफोन धाडलेला असतो, आणि पुष्कळ विनवण्यांनंतर वडिलांनी काही हजार रुपये कबूल केलेले असतात. हे पैसे एकदा गेले की पुन्हा मिळण्याची आशा नसते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर घाईने देणे आम्हांला बरे वाटत नाही. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. विजेची विद्या आमची नव्हे. परंतु या बाबतीत आम्ही स्वतः एकदा चांगलेच फसलो आहो, आणि फसलेल्या माणसाचे मत ऐकून घेण्यास हरकत नसावी.

ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत जे स्पीकर ठेवतात त्यांस मॉनिटर असे म्हणतात. हा शब्द तुम्हांस वर्गातून ठाऊक आहे. शिक्षक बाहेर गेले असता कोणी काय केले, हे पदरचे काही न घालता सांगणे हे मॉनिटरचे काम. आणि म्हणूनच असा मुलगा वर्गात फारसा लोकप्रिय नसतो. स्टुडिओतला मॉनिटरही तसाच. करमणुकीसाठी घरोघरी जे स्पीकर असतात ते खुषमस्कऱ्यांच्या जातीचे. खालचे सूर थोडे फुगवावयाचे, वरचे थोडे चकचकीत करावयाचे, म्हणजे ऐकणारा प्रसन्न! नुसते ऐकणाऱ्यास ते ठीक आहे. पण ज्याला आपल्या मुद्रणातली चूक हुडकून काढावयाची आहे, त्याने खुषमस्कऱ्याचा सल्ला घेतला तर काय होते, ते आमच्याच फजितीवरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनातील एका देखाव्यासाठी आम्ही मुलांकडून घुमट आरती म्हणवून घेतली व ती घरी मुद्रित केली. घुमट हे मातीचे वाद्य. उजव्या हाताने चामड्यावर थाप पडते आणि डाव्या हाताने मागचे लहान तोंड झाकले-उघडले की तो खोल हुंकार उमटतो. आमच्या दिवाणखान्यातील भल्यामोठ्या स्पीकरांतून हा हुंकार असा काही येई की मुलांचे शब्द त्यात बुडून जात. आम्ही घुमट कमी केले. तरी जास्तच वाटे. पुन्हा कमी केले. संमेलनाच्या रात्री सभागृहात ध्वनिफीत लागली, तेव्हा झांज कडकडत होती, मुले गात होती, आणि घुमट कोठे गेले होते ते देव जाणे. घुमट वाजविणारा मुलगा पडद्याआडून आमच्याकडे पाहत राहिला. महिनाभर मेहनत केली होती बिचाऱ्याने. दोष त्याचा नव्हता. जो हुंकार मुळात योग्य होता तो आमच्या स्पीकरांनी दुप्पट करून सांगितला, आणि आम्ही तो छाटून टाकला.

याच्या उलट एक उदाहरण पाहा. यामाहा कंपनीने १९७८ साली एनएस-१० नावाचा एक लहान स्पीकर घरगुती श्रोत्यांसाठी बाजारात आणला. त्याचा आवाज कोरडा, मधले सूर उघडेवाघडे, खर्ज बेताचा. घरगुती श्रोत्यांचे त्यावर फारसे प्रेम बसले नाही. पण ध्वनिमुद्रण करणाऱ्या तज्ज्ञांनी नेमका तोच उचलला. या रुक्ष पेटीतून जे चांगले ऐकू येईल ते इतरत्र कोठेही चांगलेच ऐकू येईल, असा त्यांचा अनुभव. पांढऱ्या शंकूची ती जोडी पुढे जगभरच्या स्टुडिओंत दिसू लागली. शंकूसाठी लागणारा लगदा मिळेनासा झाल्याने २००१ साली तिचे उत्पादन थांबले. गोडपणाच्या बळावर तिने हे स्थान मिळविले नव्हते, एवढे ध्यानात घ्यावे.

आता आकाराविषयी. मॉनिटरच्या मुख्य शंकूचा व्यास इंचांत सांगतात, आणि मुलांचा ओढा नेहमी आठ इंचांकडे असतो. आमचे मत स्पष्टपणे याविरुद्ध आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा असतो. त्याच्या तंबोऱ्यावरची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे ६९ कंपनांची. पाच इंची यामाहा एचएस-५ हा ५४ कंपनांपर्यंत खाली उतरतो असे उत्पादक सांगतात. म्हणजे खर्ज त्यात येतो. साडेतीन इंची प्रिसोनस एरिस ई-३.५ हा ८० पर्यंतच उतरतो; तेथे खर्जाचा मूळ सूर दुबळा पडतो, पण त्या तारेचे वरचे स्वयंभू स्वर ऐकून कान मूळ सुराची भरपाई पुष्कळशी करून घेतो. भजन, नाट्यपद, पेटी, तबला एवढ्याच मर्यादेत ज्याचे काम आहे त्याला पाच इंच पुरेसे होत, आणि पैसे कमी असल्यास साडेतीन इंचांनीही आरंभ करता येतो. बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ कंपनांची असते. ती ज्यांना हवी त्यांची गोष्ट वेगळी.

मोठ्या शंकूला खरा विरोध खोलीचाच असतो. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दहा फुटी खोलीत समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ५६ कंपनांचा सूर अडकतो व घुमू लागतो; त्याच्या दुपटीचा ११२ चाही तसाच. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दहा फूट असतील तर हाच दोष तिपटीने साचतो. खोलीच्या नेमक्या मध्यावर बसावे, तर तोच ५६ चा सूर जवळजवळ नाहीसा होतो! अशा चिऱ्यांच्या खोलीत आठ इंची मॉनिटर आणणे म्हणजे वर्गात आधीच गोंगाट असता घंटा बडविणे होय. कौलारू घरातल्या मुलाचे मात्र एक भाग्य आहे. उतरते छप्पर जमिनीला समांतर नसते, आणि खालचे सूर कौलांच्या फटींतून बाहेर निसटून जातात. याविषयी शेजाऱ्यांचे मत निराळे असू शकेल.

म्हणून वीस हजार रुपये मिळाले असतील तर ते सगळे स्पीकरांवर घालू नयेत. दोन्ही मॉनिटर आणि तुमचे डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा, बाजू सुमारे एक मीटर. वरचा लहान शंकू कानाच्या उंचीवर. पेट्या भिंतीला चिकटवू नयेत, कारण चिकटवल्या की खालचे सूर फुगतात. जागाच नसेल तर पाठीमागे खालचे सूर कमी करण्याचा खटका असलेले मॉनिटर पाहावेत. एचएस-५ ला तो आहे. बाजूच्या भिंतींवर गोधड्या टांगाव्यात, कोपऱ्यात कापसाची गादी उभी करावी. अंड्यांचे पुठ्ठे भिंतीवर डकविण्याची जी चाल मुलांत आहे, तिने फक्त वरचे सूर थोडे दबतात. घुमटाला त्या पुठ्ठ्यांची काहीच खबर नसते. आणखी एक सावधगिरी: काही मॉनिटरांची किंमत जोडीची लिहिलेली असते, काहींची एकाची. एकाची किंमत जोडीची समजून हिशेब मांडलेले घर आम्ही पाहिले आहे.

'मग हेडफोनच का घेऊ नये?' असे कोणी विचारील. ज्या घरात आजी आजारी आहे, किंवा सगळे कुटुंब एकाच खोलीत निजते, तेथे हेडफोनच घ्यावा, आणि त्यात कमीपणा मानू नये. खोलीचे सारे दोष त्याने टळतात. मात्र डावा सूर डाव्या कानात आणि उजवा उजव्या कानात कोंडला जातो. समोर बैठक मांडल्याचा भास होत नाही, आणि कोणाचा आवाज किती दूर ठेवावा याचा अंदाज चुकतो.

दुकानात जाताना तुम्हांला तोंडपाठ असलेले एखादे गाणे घेऊन जा. विक्रेता जो स्पीकर खपवू पाहतो त्याचा आवाज जरा मोठा करतो, आणि मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. त्याला शास्त्रीय कारण आहे. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून दिसून आले की, आवाज लहान असता खालचे सूर कानाला प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात. तेव्हा दोन्ही स्पीकर सारख्याच आवाजात लावण्याचा आग्रह धरावा. भीड बाळगू नये.

यंदा आमच्या एका विद्यार्थ्याने असा आग्रह धरून साडेतीन इंची जोडी घेतली. आठ दिवसांनी तो तक्रार घेऊन आला. "सर, स्पीकरात काहीतरी दोष आहे. जुन्या स्पीकरावर गाणे बरे वाटत होते. यावर माझा पंचम उतरलेला ऐकू येतो."

आम्ही तंबोरा पुढे केला आणि त्याला पंचम लावावयास सांगितला. उतरलेलाच होता.