चाल न लागलेल्या कविता

‘मुक्तछंदाला चाल लागत नाही.’ हे वाक्य गेलं वर्षभर इतक्या ठिकाणी आणि इतक्या सहजपणे उच्चारलं गेलं, की त्याला हरकत घेता येते हेही लोक विसरले. कवितांच्या गाण्यांच्या कार्यक्रमांची महाराष्ट्रात वाण नाही. दिवाळी पहाट, पाडवा पहाट, कोजागरी, कुण्या कवीच्या जन्मशताब्दीचा समारोप. निवेदक अभ्यासू असतात, गायक तयारीचे असतात, सभागृह भरलेलं असतं. पण तिथे गायल्या जाणाऱ्या कवींची यादी काढली तर ती एका जागी येऊन थांबते. बोरकर, कुसुमाग्रज, पाडगावकर, बापट, आरती प्रभू, ग्रेस, सुरेश भट. पुढे काय? वसंत आबाजी डहाके, प्रज्ञा दया पवार, नीरजा, हेमंत दिवटे यांना वाचणारा वाचक आहे, त्यांच्यावर लिहिलं-बोललं जातं. स्वरांत मात्र ते क्वचितच भेटतात. कारण विचारलं की वरचं वाक्य तयार असतं.

२०२५ हे वर्ष तसं भाषेच्याच धामधुमीचं गेलं. अभिजात दर्जाच्या आनंदात फेब्रुवारीत दिल्लीला साहित्य संमेलन झालं. पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून महाराष्ट्र ढवळून निघाला आणि जूनअखेर सरकारला त्याबाबतचे निर्णय मागे घ्यावे लागले. शिवरायांचे किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. सप्टेंबरच्या पावसाने मराठवाड्यातली उभी पिकं आणि पिकाखालची मातीही नेली. या सगळ्यावर आजचे कवी लिहीत आहेत. ते लिहिणं गळ्यापर्यंत पोचत नाही, ही या दिवाळी अंकाची तक्रार आहे.

मुक्तछंदाला चाल लागत नाही, असं म्हणणाऱ्याच्या मनात ‘चाल’ म्हणजे काय असतं? मुखडा, दोन-तीन अंतरे, प्रत्येक अंतऱ्यानंतर परत मुखडा, आणि खाली दादरा नाहीतर केरवा. या साच्यात एक ओळ तीन शब्दांची आणि दुसरी तेरा शब्दांची असलेली कविता बसत नाही, हे खरंच आहे. त्यावरून कवितेत उणीव आहे असं ठरवण्यात चूक आहे. उणीव असलीच तर साच्यात आहे.

हा साचाही एकेकाळी नवा होता. जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची कविता ध्वनिमुद्रिकेवर गायली ती १९३०च्या दशकात. मेहकरच्या या कवीचा पहिला संग्रह ‘शीळ’ निघाला १९५४ साली. म्हणजे पुस्तक येण्याच्या कितीतरी आधी एका जिवंत, तरुण कवीची कविता घराघरांत ऐकली जात होती. भावगीताचा उगम असा आहे, समकालीन कवितेला दिलेलं समकालीन संगीत. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने ‘गीतरामायण’ सुरू झालं. गदिमांनी दर आठवड्याला एक गीत लिहायचं, सुधीर फडक्यांनी ते स्वरबद्ध करायचं. वर्षभरात ५६ गीतं झाली. ती कुणाच्या तरी खिशातून, कुणाच्या तरी वेळापत्रकात, मुद्दाम मागून घेतलेली होती. मुंबई आकाशवाणीच्या ‘भावसरगम’ने पुढे हीच जबाबदारी उचलली. आजचे कार्यक्रम त्या काळाचं वैभव मिरवतात. त्या काळाने जे केलं ते करत नाहीत.

इथे विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मांडायला हवा. मराठीत मुक्तछंद रुजवला तो कवी अनिलांनी. ‘भग्नमूर्ती’ १९४० सालची. याच अनिलांच्या कविता कुमार गंधर्व आणि वसंतराव देशपांडे यांनी गायल्या, आणि त्या मराठी माणसाने काळजाशी धरल्या. पण त्या कविता बांधेसूद होत्या. अनिलांचा मुक्तछंद तसाच राहिला. एवढ्या मोठ्या गायकांनी जे केलं नाही ते होणारच नाही, असा निष्कर्ष त्यातून काढला जातो.

तो टिकत नाही, कारण दुसरीकडे ते झालं आहे.

मराठीतला पहिला दिवाळी अंक ‘मनोरंजन’चा, १९०९चा. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लंडनमध्ये राल्फ व्हॉन विल्यम्सची एक नवी रचना सादर झाली. ए. ई. हाउसमनच्या सहा कविता, गायला एक पुरुषी आवाज, साथीला पियानो, दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. हाउसमन हयात होता. एका कवितेतली दोन कडवी संगीतकाराने गाळली म्हणून तो संतापला आणि त्याने प्रकाशकाकडे तक्रार केली. कवी आणि संगीतकार समकालीन असले की असं भांडण होतं, आणि ते व्हावं. हयात नसलेल्या कवीची कडवी गाळली तर कुणी पत्र लिहीत नाही. आपल्याकडे ती बिनदिक्कत गाळली जातात.

या संगीताला तिकडे चेंबर म्युझिक म्हणतात. दिवाणखान्यात मावेल एवढा वाद्यमेळ, प्रत्येक वाद्याला स्वतःची वेगळी ओळ, बहुधा समोर काठी घेऊन उभा राहणारा कुणी नाही. पन्नास व्हायोलिनांच्या भिंतीआड शब्द दबतो. पाच वादकांत तो मोकळा राहतो आणि प्रत्येक वाद्याला त्याच्याशी बोलता येतं, वाद घालता येतो.

१९१२ साली बर्लिनमध्ये आल्बर्टिने त्सेमे या अभिनेत्रीने आर्नोल्ड शोनबर्गकडून आपल्यासाठी रचना मागवली. बेल्जियन कवी आल्बेर जिरोच्या २१ कवितांचे जर्मन अनुवाद, पाच वादक, आणि आवाज असा की तो धड गात नाही, धड बोलत नाही. पहिल्या प्रयोगाआधी चाळीसच्या आसपास तालमी झाल्या. ‘पिएरो ल्युनेर’ नावाच्या या रचनेने युरोपातल्या संगीताला हादरा दिला. ज्याने हरिदासी कीर्तन ऐकलं आहे त्याला गद्यातून सुरात आणि सुरातून पुन्हा गद्यात जाणारा आवाज नवा नाही. निरूपण रंगात आलं की बुवांचं बोलणं कोणत्या क्षणी गाणं झालं हे कळतही नाही. आपल्या पोवाड्यातही हेच आहे. शाहिरांनी हे धन सांभाळलं. वामनदादा कर्डकांपासून संभाजी भगतांपर्यंत आपल्या काळाबद्दलचे शब्द आपल्या काळातच गायले गेले. कवितेच्या सभागृहांनी मात्र त्यांच्याकडून काही घेतलं नाही.

पण मुक्तछंदाचं खरं उत्तर हवं असेल तर एलियट कार्टरचं १९७५चं काम ऐकायला हवं. एलिझाबेथ बिशप या कवयित्रीच्या सहा कविता, एक स्त्रीस्वर आणि नऊ वादक. बिशप तेव्हा हयात होती. ‘स्पेक्युलम म्युझिके’ या न्यूयॉर्कच्या वादकसंचाने ही रचना मागवली आणि पुढच्या वर्षी सादर केली. एक कविता समुद्रकाठच्या वाळूवर धावणाऱ्या छोट्या पक्ष्यावर आहे. तिथे ओबो हे वाद्य तो पक्षी होऊन अखंड तुरुतुरु पळतं आणि बाकीची वाद्यं आपल्या वेगळ्याच संथ लयीत समुद्र धरून असतात. शेवटची कविता तर आपल्याकडे कुणी हातातही घेतली नसती. तिच्या ओळी पानावर मध्येच तुटलेल्या आहेत, प्रत्येक ओळीच्या पोटात एक रिकामी जागा, धाप लागल्यासारखी. कार्टरने ती जागा भरली नाही. वाद्यं निजलेल्या माणसाच्या श्वासासारखी हळूहळू फुगतात आणि ओसरतात, आणि त्यांच्यावर गायिकेचा स्वर अस्वस्थ, अडखळत, तुकड्यातुकड्यांनी येतो. कवितेच्या छापील रूपालाच त्याने चाल दिली. मुखडा नाही, परतणं नाही, ठेका नाही. तरीही ऐकणाऱ्याला एक क्षणही वाटेवरून सुटल्यासारखं वाटत नाही.

हंगेरीच्या ग्यॉर्गी कुर्तागने तर आपल्याच शहरातली कवयित्री शोधली. रिम्मा दालोश ही बुडापेस्टमध्ये राहणारी रशियन कवयित्री, जगाला अनोळखी. तिच्या २१ कविता, काही दोन-चार ओळींच्या. १९७६ ते ८० ही वर्षं या रचनेत गेली. वाद्यमेळात चिम्बालोम होतं, आपल्या संतुराच्या जातीचं. १९८१च्या जानेवारीत पॅरिसला प्रयोग झाला आणि पन्नाशी उलटलेल्या कुर्तागचं नाव देशाबाहेर सर्वतोमुखी झालं. काही गाणी मिनिटभरही चालत नाहीत. आपल्याकडे अशी दोन ओळींची कविता संगीतकारापुढे ठेवली तर ‘अजून दोन कडवी करून द्या’ असं उत्तर येतं.

हे सगळं परदेशी कानांचं कौतुक आहे, असं कुणी म्हणेल. त्यांनी ज्ञानेश्वरी उघडावी. ओवीच्या चरणांतली अक्षरं मोजलेली नाहीत. पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. असमान ओळ सातशेहून अधिक वर्षं मराठी गळ्यात आहे. जात्यावर बसलेली बाई अक्षरं जास्त झाली तर दाबते, कमी पडली तर ओढते, आणि दगडाची घरघर तिला साथ करते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. २०२५च्या दिल्ली संमेलनाच्या अध्यक्ष तारा भवाळकर यांचं आयुष्य याच लोकसाहित्यात गेलं. एवढा साठा उशाशी असताना मराठी संगीतकाराने असमान ओळीला घाबरावं, याचं वाईट वाटतं.

दुसरं कारण दिलं जातं दुर्बोधतेचं. त्याला हृदयनाथ मंगेशकरांनी कधीच उत्तर दिलं आहे. ग्रेस मराठीतले सर्वांत अवघड मानले गेलेले कवी, आणि अर्थाचा पत्ता न लागताही लोक त्यांच्या कविता गुणगुणतात. मर्ढेकरांचं काय? ते आकाशवाणीत होते, ‘औक्षण’, ‘बदकांचं गुपित’ अशा संगीतिका त्यांनी स्वतः लिहिल्या, यंत्रयुगाची कविता अभंगाच्या छंदात बांधली. १९५६ साली ते गेले. कायद्यातली साठ वर्षं सरून २०१७पासून त्यांची कविता सर्वांना खुली आहे. परवानगी नको, मानधन नको, छंदाची अडचण नाही. तरी कार्यक्रमांच्या यादीत मर्ढेकर सापडत नाहीत. आणि अरुण कोलटकर? पखवाज शिकलेला कवी तो. त्याच्या ओळींत थाप कुठे पडते हे ऐकायला मुद्दाम वेगळा कान लागत नाही.

संदीप खरे आणि सलील कुलकर्णी, सौमित्र आणि मिलिंद इंगळे यांनी आपल्या काळाची गाणी केली आणि तरुणांना कवितेकडे आणलं, याबद्दल कृतज्ञता आहे. ती वाट यमकाच्या, गेय कवितेची. तिच्या शेजारची वाट ओस आहे.

वादक नाहीत, असंही म्हणता येत नाही. गोव्याच्या घरांतल्या दिवाणखान्यांत मांडो गायला जायचा तो व्हायोलिन आणि घुमटाच्या साथीनेच; कोकणी माणसाचं हे अस्सल दिवाणखानी संगीत. गोव्याचेच वादक मुंबईच्या स्टुडिओंत आले आणि गाण्यांतली व्हायोलिनं त्यांनी वाजवली. कित्येकांची नावं तबकडीवर आलीच नाहीत. आज एनसीपीएत २००६पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, तंतुवाद्यांचे तयार वादक मुंबईत आहेत. शिवाय वाद्यं पाश्चात्त्यच हवीत असं कुणी सांगितलं? १९६७ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ आठवावी. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. ती ध्वनिमुद्रिका एचएमव्हीसाठी केली जी. एन. जोशींनीच. ज्या माणसाने ना. घं.ची कविता गायली त्यानेच तीस-पस्तीस वर्षांनी भारतीय वाद्यांचा असा छोटा मेळ जमवला. त्यात शब्द नव्हते. हे दोन धागे एकाच माणसाच्या हातात होते आणि ते एकत्र आले नाहीत, ही मराठी संगीतातली मोठी हुकलेली संधी आहे.

अडचण पैशाची आणि तालमीची आहे. नव्या रचनेला महिने लागतात, वादकांना पुन्हा पुन्हा एकत्र बसावं लागतं आणि पहिल्या प्रयोगाला गर्दी होईलच याची खात्री नसते. जुनी लोकप्रिय गाणी एका तालमीत उभी राहतात. प्रायोजक तिकडे वळतो. पण दर दिवाळीला शेकडो अंक निघतात आणि जवळपास प्रत्येकात कवितांची पानं असतात. लेखांच्या मधली उरलेली जागा कवितेने भरण्याची सवय संपादकांनाही आहे. मग संगीतकारांनाच दोष देणं न्यायाचं होणार नाही.

म्हणून यंदाच्या ‘शब्द आणि स्वर’ विभागातल्या कवींकडून त्यांची कविता स्वरबद्ध करायला लेखी संमती घेतलेली आहे. मुखपृष्ठामागच्या जाहिरातीचं उत्पन्न एका रचनेच्या आणि तिच्या तालमींच्या खर्चासाठी बाजूला ठेवलं आहे. अटी मोजक्या आहेत. कविता आजचीच निवडावी. वादक तीन ते सहा असावेत, समोर बसून वाजवणारे. तयार ट्रॅक चालणार नाही. वाद्यं कोणतीही, सारंगीपासून चेलोपर्यंत. गाळायचं असेल तर कवीला विचारून गाळावं, आणि कवी व संगीतकार यांचं जमलं नाही तर दोघांची पत्रं पुढच्या अंकात छापली जातील. प्रस्ताव गुढीपाडव्यापर्यंत अंकाच्या पत्त्यावर पाठवावेत. कवितेचं नाव, वाद्यांची यादी आणि पहिल्या दहा ओळींचं स्वरलेखन किंवा ध्वनिमुद्रण सोबत असावं.