बांगडीचा सांधा

'आम्ही काय हातात बांगड्या भरल्यात?' हे वाक्य मोर्चात, सभेत, कधी आपल्याच बाजूच्या कार्यकर्त्याच्या तोंडून ऐकलं की आपण सगळ्याजणी चिडतो. मीही चिडते. पण ती बांगडी बनवतं कोण, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला काचकामाच्या दोन दिवसांच्या शिबिरात.

शिबिर एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात होतं. प्रयोगशाळेतली काचेची उपकरणं आयुष्यभर बनवलेले एक निवृत्त कारागीर नवशिक्यांना शिकवणार होते. वस्तीतल्या मुलींना यातून काही वेगळा धंदा शिकता येईल का, ते बघायला मी गेले होते. बारा जणांत आम्ही तिघी बायका.

आधी काच तोडायला शिकवलं. नळीवर कानशीने ओरखडा काढायचा, पाण्याचं बोट लावायचं, दोन्ही अंगठे टेकवून ओढत वाकवायचं. ते जमलं. मग गॅस आणि ऑक्सिजनची निळी ज्योत. काच तापली की ज्योत पिवळीजर्द होते आणि डोळे दिपतात. म्हणून रंगीत चष्मा लावायचा. ही काच मऊ व्हायला सुमारे ८०० अंश उष्णता लागते. नळी दोन्ही हातांनी एकाच वेगाने फिरवत राहायची. उजवा हात पुढे गेला की नळीला पीळ पडतो, थांबलात की ती लोंबते. फुंकायचं ते ज्योतीबाहेर काढून आणि अगदी हलकेच. मी जोरात फुंकलं. बेडकासारखा फुगा आला आणि फुटला.

दुसऱ्या दिवशी दोन नळ्या जोडायच्या होत्या. सोळा सांधे केले. चौदा वाकडे किंवा भोक पडलेले. दोन बरे वाटले म्हणून टेबलावर ठेवले, तर थोड्या वेळाने 'टिक्' आवाज आला आणि त्यातला एक तडकला. काच सावकाश, सगळीकडून सारखी निवली नाही की आतल्या ताणाने तडकते. आणि गरम काच अगदी थंड काचेसारखीच दिसते. हे मला बोट भाजल्यावर कळलं.

"दिवसभरात एक टिकला? चांगलं आहे," सर म्हणाले. "फिरोजाबादच्या बायका असे सांधे ढिगाने करतात."

आपल्याकडे कासाराच्या दुकानात मिळणारी काचेची बांगडी बहुधा उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादहून येते. तिथे भट्टीवर पुरुष असतात. काचेचं लांबलचक वेटोळं निघतं, ते कापलं की सुट्या टोकांची कडी होतात. मग ती घरोघरी जातात. टोकं एका पातळीत आणणं म्हणजे 'सधाई' आणि ज्योतीवर ती जोडणं म्हणजे 'जुडाई'. हे काम मोठ्या प्रमाणात बायका आणि मुली करतात. ज्योत हलू नये म्हणून उन्हाळ्यातही पंखा लावता येत नाही. मोबदला नगावर, तोही मध्यस्थामार्फत. भट्टीवरचा माणूस 'कारागीर', आणि ही घरी बसून 'हातभार' लावणारी.

हे ऐकताना मला माझीच चूक आठवली. वस्तीच्या पाहणीचे फॉर्म मी कित्येक वर्षं भरते आहे. त्यात कुशल, अकुशल असा रकाना असतो. खोट्या दागिन्यांच्या साखळ्यांना घरी डाख देणारी एक बाई मला म्हणाली होती, "काही नाही ताई, घरीच असते." मी 'अकुशल'वर खूण केली. तिच्यासमोर बर्नर होता, बारीक कड्या होत्या, आणि एकही कडी वितळत नव्हती. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या मला ते दिसलं नाही. काम घरात होतं आणि बाई करत होती, एवढ्यावरून मी ते सोपं ठरवलं.

बांगडीबद्दल आपण कमी बोललेलो नाही. ती घालण्याची सक्ती, नवरा गेल्यावर ती फोडणं, यावर आपण लढलो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला तेव्हा आपण आनंद साजरा केला. तो योग्यच होता. पण या सगळ्यात बांगडी घालणारी बाई होती, जोडणारी नव्हती. घरी बसून मजुरीचं काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्येच १७७ क्रमांकाचा करार केला. इतर मजुरांच्या बरोबरीची वागणूक हे त्याचं मूळ सूत्र. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. किती गटांच्या बैठकीत हा विषय निघतो?

कोणी म्हणेल, एका रकान्याने काय होतं? मजुरीचा दर ठरवताना आधी विचारलं जातं, काम कोणत्या दर्जाचं? तिथे आपणच 'अकुशल' लिहून दिलं, तर ठेकेदाराशी भांडायला उरतं काय?

म्हणून सुचवते. आपल्या पाहणीत 'काय काम करता?' एवढंच विचारून थांबू नये. समोर बसावं, 'मला शिकवा' म्हणावं, तासभर ते काम करून बघावं आणि मगच खूण करावी. मी त्या डाख देणाऱ्या बाईकडे पुन्हा जाणार आहे. फॉर्म दुरुस्त करायचा आहे, आणि तिला सांगायचंही आहे की चूक माझी होती.