फ्लेक्सवाल्याला फुकटाचे काय सांगता?

सदर : गावातला संगणक

लगीनसराई आली की चुडावा-पूर्णा पट्ट्यात फाट्याफाट्यावर फ्लेक्स झळकतात. त्यांतले पुष्कळसे ‘क्रॅक’ केलेल्या, म्हणजे चोरीच्या, कोरलड्रॉवर बनतात. त्यामुळे इंकस्केप, गिंप, क्रिता ही डिझाइनची सॉफ्टवेअर फुकट मिळतात म्हणून दुकानदार जागचा हलत नाही. त्याला कोरलही फुकटच पडलेले असते.

मग ही सॉफ्टवेअर घ्यायची कशाला? माझ्या मते, मराठीसाठी. जुन्या डीटीपी फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. तो फाँट नसलेल्या मशिनवर फाइल उघडली की नवरदेवाच्या नावाचा पार चुथडा होतो. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर एकतर पुन्हा टाइप करायचा, नाहीतर कन्व्हर्टरमधून काढून रफार शोधत बसायचे. इंकस्केप युनिकोड मजकूर थेट घेते. जोडाक्षरे आणि वेलांट्या जागेवर बसतात. फाँटचीही ददात नाही. एक टाइपचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’, शिवाय मराठी वळणाचे ल आणि श असलेले ‘टायरो देवनागरी मराठी’ व्यावसायिक कामालाही मोकळे आहेत.

फुकटचे म्हणजे कच्चे, ही समजूतही टिकत नाही. ब्लेंडर हे थ्रीडी ॲनिमेशनचे सॉफ्टवेअर बंद पडायला आले तेव्हा, 2002 मध्ये, वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून एक लाख युरो जमवले आणि ते सर्वांसाठी खुले करून घेतले. त्याच ब्लेंडरवर बनलेल्या ‘फ्लो’ या लॅटव्हियन चित्रपटाला 2025 मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले.

उणिवा आहेतच. छपाईच्या सीएमवायके रंगांत इंकस्केप अजून कमी पडते. त्यासाठी स्क्रायबस या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरचा वळसा घ्यावा लागतो. कोरलची फाइल इंकस्केपमध्ये उघडली तरी मांडणी हलू शकते. प्रेसवाला कोरलचीच फाइल मागत असेल, तर धंदा सोडून तत्त्व पाळा, असे मी म्हणणार नाही.

पण शिकवणाऱ्यांना एवढीही अडचण नाही. चुडाव्याहून रेल्वेने नांदेडला डीटीपीच्या क्लासला जाणाऱ्या पोराला कोरलबरोबर इंकस्केपही शिकवा. घरच्या जुन्या लॅपटॉपवर ते राजरोस टाकून त्याला रात्री हात बसवता येईल. क्लासची फी भरणाऱ्या आईबापांनी चौकशीलाच विचारावे : इथे शिकलेले घरी चोरी न करता करता येईल का?